सरासरी फोडायची कशी? पाड्यावरच्या आरोग्याचा प्रश्न सहीपर्यंत नेण्याची वाट

नंदुरबार जिल्ह्यातल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची पाचवी फेरी सांगते. राज्याचा आकडा ३६ टक्के. ही तुलना मी पन्नास भाषणांत तरी ऐकली असेल, दोन-चार भाषणं मीही ठोकली. त्यातून एका पाड्याचं एक काम मार्गी लागलेलं मला आठवत नाही. जिल्ह्याची सरासरी कुणाच्याच टेबलावरची नसते. सपाटीवर विचारावं तर बोट डोंगराकडे जातं, डोंगरात विचारावं तर स्थलांतराकडे, आणि स्थलांतर करणारा माणूस तेव्हा गुजरातच्या उसाच्या फडात असतो.

आरोग्यातली विषमता कमी करायची तर ही सरासरी फोडावी लागते. तालुका, आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि शेवटी पाडा. हा लेख त्यासाठी आहे. आशाताई, शाळामास्तर, ग्रामपंचायत सदस्य, समाजकार्याचे विद्यार्थी, पाड्यावरची शिकलेली पोरं यांना डॉक्टरेट नसताना करता येईल असं काम यात आहे. मात्र ते नीट करावं लागतं. अर्धवट केलेला सर्व्हे न केलेल्यापेक्षा वाईट, हे पुढे येईलच.

पहिली पायरी: आधी सही शोधा

प्रश्न सुचला की लगेच प्रश्नावली छापायला टाकू नका. वहीत एक ओळ लिहा: हे बदलायचं तर सही कोणाची लागेल? उत्तर मिळेपर्यंत पाड्यावर जाऊ नका. ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे, म्हणून मी तिच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे असतं, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. गावात दोन्हीला ‘सरकारी दवाखाना’च म्हणतात, त्यामुळे निम्मी निवेदनं चुकीच्या दारात जाऊन पडतात. अंगणवाडीचा प्रश्न बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याचा. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे. तिचा पैसा आदिवासी विकास विभागाचा आणि शिजवणं-वाढणं अंगणवाडीचं, म्हणून तिथे दोन सह्या. खान्देशात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे आहेत. आपला तालुका त्यांतल्या कुठल्या कार्यालयाखाली येतो, ते आधी माहीत करून घ्या.

सही कळली की नियम शोधा. नियम म्हणजे ती सही मागण्याचा तुमचा आधार. काही नियम पाठच करून ठेवा. आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. सपाटीवर तो अनुक्रमे ५,००० आणि ३०,००० आहे. वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००६ चा आदेश आहे. वनजमिनीत दवाखाना, अंगणवाडी किंवा रस्ता करायचा तर वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी जमीन वळवता येते. अट एवढीच, की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत. सातपुड्यात ‘फॉरेस्ट अडवतं’ हे उत्तर मिळालं, तर हा परिच्छेद सोबत न्या.

आता या सगळ्याचा संशोधनाशी संबंध काय? एका पाड्यावर आम्हाला ‘कुपोषणाचा अभ्यास’ करायचा होता. अकरा पानांची प्रश्नावली तयार होती. सही कोणाची, हा प्रश्न विचारल्यावर उत्तर आलं, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याची, आणि आधार ४० मुलांचा. मग अकरा पानं बाजूला ठेवली आणि फक्त मुलं मोजली. नाव, जन्म, आईचं नाव, आधीची अंगणवाडी कुठे, मध्ये नाला कोणता. ४६ भरली. एका दिवसाचं काम. अकरा पानं घेऊन गेलो असतो, तर वर्षभराने एक सुंदर अहवाल आला असता आणि पोरं नाला ओलांडतच राहिली असती.

प्रश्न नेहमी इतका सोपा नसतो, हे खरंच. पण प्रश्नावली किती लांब हवी, ते सही ठरवते.

दुसरी पायरी: आधीचे कागद जमवा

आरोग्य यंत्रणेकडे माहितीचा तुटवडा नाही. ती फोडून कोणी मागत नाही, एवढंच. आशाकडे घरोघरची नोंदवही आहे, अंगणवाडीत वजनाची नोंद, उपकेंद्रात लसीकरणाची, आरोग्य केंद्रात बाह्यरुग्ण, प्रसूती आणि औषधसाठ्याच्या वह्या. रुग्णवाहिकेचं लॉगबुक हे तर माझं लाडकं कागदपत्र. गाडी किती वाजता निघाली, कुठे गेली, किती किलोमीटर धावली, सगळं त्यात असतं. गाडी उभी राहिली असेल तर तेही त्यात दिसतं.

आधी तोंडी मागा, मग पत्राने. मिळालं नाही तर माहितीचा अधिकार. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आपल्याला नाशिक खंडपीठ. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द ही मर्यादा आहे, म्हणून अर्ज असा आखूड हवा:

‘दि. १ एप्रिल ते ३१ मार्च या मागील आर्थिक वर्षात … प्राथमिक आरोग्य केंद्रातील पदनिहाय मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे आणि प्रतिनियुक्तीवर अन्यत्र पाठवलेले कर्मचारी, प्रतिनियुक्तीच्या आदेशांच्या प्रतींसह मिळावेत.’

‘प्रतिनियुक्ती’ हा शब्द विसरू नका. कागदावर परिचारिकेचं पद भरलेलं असतं, पगारही निघतो, आणि बाई तीन वर्षं तालुक्याच्या गावी काम करत असते. ‘रिक्त पदे किती?’ असं विचारलंत तर उत्तर ‘निरंक’ येईल आणि ते खरंही असेल.

रुग्णांची नावं मागू नका. ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. आकडे मागा, पाड्यानुसार फोडून मागा.

आणखी एक. लोकसंख्येचा आकडा २०११ च्या जनगणनेचा आहे, त्यानंतरची झालेली नाही. भाजक जुना असला की टक्के खोटे पडतात. १०५ टक्के लसीकरण झालेलं गाव मी कागदावर पाहिलं आहे. म्हणून घरं स्वतः मोजावी लागतात.

तिसरी पायरी: पाड्यांची यादी आणि चिठ्ठ्या

महसुली गाव एक असतं, त्यात पाडे दहा-बारा. रस्त्यालगतच्या पाड्यावर सगळेच जातात, आमच्यासकट. जीप थांबते तिथे सर्व्हे सुरू होतो आणि जीप जात नाही तिथली विषमता कागदावर येतच नाही.

यासाठी आशा, पोलीस पाटील, पाड्याचा कारभारी आणि दोन-तीन बायका यांना एकत्र बसवा. जमिनीवर खडे आणि काड्या मांडून नकाशा काढायला सांगा: नदी कुठे, हातपंप कुठे, कोणत्या टेकडीवर किती घरं. मोबाईलच्या नकाशात न दिसणारी घरं या खड्यांत हमखास दिसतात. बायका असायलाच हव्यात. पुरुष हातपंप दाखवतात, तो बंद आहे हे बाया सांगतात.

मग निवड. सगळी घरं करता आली तर उत्तम. शंभरेक घरांचा पाडा असेल तर नमुन्याच्या भानगडीत पडूच नका. आरोग्य केंद्राचं सगळं क्षेत्र असेल तर दर दहा घरांमागे एक चिठ्ठी त्या पाड्याच्या नावाने करा आणि सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा. मोठ्या पाड्याच्या चिठ्ठ्या जास्त, म्हणून त्याची संधी जास्त. मग प्रत्येक निवडलेल्या चिठ्ठीमागे सारखीच घरं घ्या, म्हणजे एकूण हिशोब बरोबर बसतो.

घरं किती? कुठल्याही टक्केवारीचा अंदाज १० टक्के इकडेतिकडे चालणार असेल, तर गणिताने ९६ घरं पुरतात. पण एकाच पाड्यावरची घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून ती संख्या दुप्पट करायची: साधारण २००. डोंगर आणि सपाटी यांची तुलना करायची असेल तर दोन्हीकडे दोनशे-दोनशे. एवढं करूनही दोघांतला फरक १४-१५ टक्क्यांपेक्षा कमी निघाला, तर त्यावर भांडू नका, तो योगायोगही असू शकतो.

‘घरं कशी निवडली?’ हा एका बैठकीत आम्हाला विचारला गेलेला पहिला प्रश्न होता. दुसरा विचारायची वेळच आली नाही. आम्ही भेटली ती घरं घेतली होती. साहेबांनी फाईल बंद केली, चहा पाजला. तेव्हा फार राग आला होता. आता वाटतं, बरोबर होतं त्यांचं.

वेळही नीट निवडा. दिवाळी झाली की सातपुड्यातली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला, कापसाला गुजरातेत उतरतात आणि होळीला परततात. काठी गावच्या राजवाडी होळीत आणि त्याआधीच्या भोंगऱ्या बाजारात जी गर्दी दिसते, ती या परतलेल्या माणसांची. जानेवारीत गेलात तर दाराला कुलूप किंवा ओट्यावर म्हातारं माणूस आणि एखादं पोर. चैत्र-वैशाखात पहिली फेरी करा. दुसरी श्रावण-भाद्रपदात करा, कारण आजार, उपासमार आणि तुटलेले रस्ते तेव्हाच एकत्र येतात. घाटात दरड कोसळली आणि तुम्हाला पोहोचता आलं नाही, तर तेही लिहा. तारीख घालून लिहा.

हे फक्त डोंगराचंच आहे असं मात्र समजू नका. रावेर-यावलच्या केळीबागांत राबणारे मजूर, कापसावर फवारणी करणारे सालदार, धुळ्याच्या यंत्रमागावरचे कामगार, तापी-पांझरा-गिरणा काठच्या गावांना चिकटून पण गावाबाहेर असलेल्या भिल्ल वस्त्या. इथे उपकेंद्र हाकेच्या अंतरावर असतं. मोजायचं असतं ते वेगळं: दवाखान्याची वेळ आणि मजुरीची वेळ एकच आहे का? बाईला ‘मागे बस’ म्हणतात का? मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेलेला असताना दुपारी बांधावर पाणी कोण आणून देतं?

चौथी पायरी: प्रश्न त्यांच्या तोंडचे

‘कुपोषण’ हा शब्द पाड्यावर कुणी वापरत नाही. आई म्हणते, पोर वाळलंय. ‘अतिसार’ विचारलात तर नाही म्हणतील, ‘हगवण’ विचारलीत तर मागच्या आठवड्याची गोष्ट निघते. सपाटीवर अहिराणीत विचारा: ‘दवाखानाम्हा डॉक्टर ऱ्हास का?’ हेच वाक्य पावरा पाड्यावर उपयोगाचं नाही, तिथे पावरी बोलणारी मुलगीच हवी. जळगावकडे लेवा गणबोली. एकच छापील मराठी प्रश्न घेऊन तिन्हीकडे फिरलात, तर उत्तरं वेगळी येतील आणि तो फरक आजाराचा की भाषेचा, हे कळणार नाही.

अंतर विचारू नका. एका आजीने आम्हाला ‘दवाखाना जवळच’ असं सांगितलं. चालून पाहिलं तर दोन तास लागले, आणि तेही माझ्याकडे आजारी माणूस नसताना. म्हणून वेळ विचारा: कोंबडा आरवल्यावर निघालात तर कधी पोचता? पेशंट उचलून न्यायचा असेल तर? नदीला पाणी असेल तर?

खर्च विचारताना दवाखान्याच्या बिलावर थांबू नका. जीपचं भाडं, सोबत गेलेल्याची बुडालेली मजुरी, बाहेरून आणलेली गोळी. आणि शेवटी हा एक प्रश्न: पैसे कुठून आणले? चांदीची साखळी गहाण टाकली, मुकादमाकडून उचल घेतली, बकरी विकली. फुकट उपचाराची किंमत या उत्तरांतून समजते.

दहा घरांत आधी चाचणी घ्या. मग निम्मे प्रश्न काढून टाका. खरंच, निम्मे. माहिती मोबाईलवर भरायची असेल तर कोबो टूलबॉक्स हे ॲप नेटवर्क नसतानाही चालतं. पण बॅटरी संपते. कागदाचा एक गठ्ठा झोळीत असू द्या.

पाचवी पायरी: वजन, दंडघेर आणि वय

दंडघेराची पट्टी स्वस्त, हलकी आणि भरवशाची आहे, ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, पट्टी ना घट्ट ना ढिली. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ च्या आत म्हणजे मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. दोनदा मोजा. दोन आकड्यांत अर्ध्या सेंटीमीटरचा फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. दोन्ही पायांवर बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल तर पट्टी काहीही सांगो, ते मूल तीव्र कुपोषितच.

वजन वयाशी ताडायचं तर वय बरोबर हवं. आधार कार्डावरची १ जानेवारी किंवा १ जून ही तारीख खरी मानू नका. लसीकरणाचं कार्ड असेल तर उत्तम. नसेल तर गावाची दिनदर्शिका करा: कोणत्या होळीच्या आधी, पेरणी झाली होती का, मोह वेचायला गेला होतात का, दिवाळीला मूल रांगत होतं का. इंदल हा सण या कामाला घेऊ नका. तो नवसाचा असतो, ज्याच्या त्याच्या घरी जेव्हा तेव्हा होतो. आम्ही घेतला होता, आणि दोन पोरं कागदावर आईच्या लग्नाआधी जन्मली.

मोजताना सॅम मूल सापडलं, तर त्याच दिवशी आशा आणि आरोग्य केंद्राला कळवा. पायावर सूज, ताप किंवा दूध-अन्न न घेणं यांपैकी काही असेल, तर १०२ किंवा १०८ ला फोन करून पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवा आणि सोबत माणूस द्या. ‘आधी सर्व्हे पूर्ण होऊ दे’ असं जो म्हणतो त्याला गटात ठेवू नका.

सहावी पायरी: संमती

अभ्यास छापायचा असेल किंवा रक्त तपासायचं असेल तर संस्थात्मक नैतिकता समितीची मंजुरी लागते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांच्या जनऔषधवैद्यकशास्त्र (कम्युनिटी मेडिसिन) विभागात जाऊन भेटा. एखादा प्राध्यापक सोबत आला तर मंजुरी, नमुना आणि विश्वासार्हता तिन्ही एकदम येतात. सिकलसेलसारख्या आनुवंशिक रक्तविकाराच्या विषयात तर स्वतःच्या जिवावर काही करूच नका. तपासणीत वाहक निघालेल्या मुलीचं लग्न मोडू शकतं. निकाल कोणाला, कसा आणि कुणासमोर सांगायचा, हे रक्त घेण्याआधी ठरलेलं हवं.

संमती म्हणजे अंगठा नव्हे. घरातल्या भाषेत सांगायचं: आम्ही कोण, काय विचारणार, नाही म्हणालात तरी रेशन किंवा योजना थांबणार नाही. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा घेताना आपल्या गटाबाहेरचा साक्षीदार हवा. फोटोची परवानगी वेगळी घ्यायची. आमच्याकडून एकदा एका मुलाचं नाव गावासकट बातमीत गेलं. त्या घराने पुढे वर्षभर आम्हाला पाणी विचारलं नाही. चूक पूर्ण आमची होती. तेव्हापासून नावं एका वहीत आणि उत्तरं दुसऱ्या, मध्ये फक्त क्रमांक.

सातवी पायरी: आकडे मांडणं

लहान आकड्यांचे दर काढू नका. वर्षाला ४० जन्म होणाऱ्या गावात एक बाळ गेलं तर बालमृत्यूदर हजारी २५ होतो, दोन गेली तर ५०. पुढच्या वर्षी एकही गेलं नाही तर शून्य, आणि साहेब म्हणणार, सुधारणा झाली. अशा ठिकाणी तीन ते पाच वर्षांचे मृत्यू एकत्र करा आणि सरळ संख्या द्या. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक मृत्यूची हकिकत: दुखणं कधी लक्षात आलं, घरातून निघायला किती वेळ गेला, गाडी मिळायला किती, दवाखान्यात डॉक्टरचा हात लागायला किती. या तीन उशिरांपैकी कुठला उशीर पुन्हा पुन्हा येतो, ते पाहा. कोणाची सही लागणार, ते तिथून कळतं.

मृत्यू मोजणं हे किती ताकदीचं काम आहे, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत गावागावांत जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली, ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आशाने बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं, ही आजची देशभरची पद्धत त्यातूनच उभी राहिली. तीही २०११ मध्ये. मध्ये १२ वर्षं गेली. तुमच्या तालुक्याच्या कामाला सहा महिने लागले तर वैतागू नका.

विषमता दाखवताना एक आकडा कधीच पुरत नाही, दोन लागतात. समजा, रस्त्यालगतच्या पाड्यांवर ८० टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण आणि आतल्या पाड्यांवर ५०. ‘एकूण ६८ टक्के’ असं लिहिलंत की प्रश्न मेला. ‘रस्ता सोडला की ८० वरून ५० टक्क्यांवर घसरतं’ असं लिहा. निवेदन दोन पानांचं, वर मागणी, खाली तक्ता, सोबत खड्यांचा नकाशा. अहवाल मागितला तरच द्या.

आठवी पायरी: आधी पाडा, मग दवाखाना, मग बाकीचे

निष्कर्ष पहिल्यांदा पाड्यावर सांगा. शेकोटीभोवती, चित्रं काढून, त्यांच्या भाषेत. चुका तिथेच सापडतात. ‘ते बाळ दुधाने नाही, सापाने गेलं’ असं कोणी तरी उठून सांगतं आणि तुमचा तक्ता दुरुस्त होतो. शिवाय नंतर जनसुनवाईत बोलायला तुम्ही नको, ते हवेत.

मग आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी. त्याला पत्रकारांकडून कळू देऊ नका. बहुतेक वेळा तो एकटा दोन माणसांचं काम करत असतो आणि परिचारिकेचं पद भरावं हे त्यालाही तुमच्याइतकंच हवं असतं, फक्त त्याला तसं लिहिता येत नाही. तुम्हाला येतं. आशांचंही तसंच. कमी लसीकरणाचं खापर आशावर फोडणारा सर्व्हे मी तरी करणार नाही.

त्यानंतर ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा. आधी महिलांची सभा होते, तिथे ठराव मांडला तर तो मुख्य सभेत टिकतो. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या स्वशासनाचा कायदा, लागू असलेल्या गावात पाड्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते, आणि तिचा ठराव ग्रामपंचायतीच्या ठरावाखाली दबत नाही. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मिळवा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा निधी छोट्या गोष्टींना पुरतो: हातपंपाभोवतीचा ओटा, उपकेंद्राचा पडदा. तेवढ्यासाठी जिल्ह्याला जाऊ नका.

मग तालुका, मग जिल्हा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि तिसऱ्या सोमवारी तालुक्याला लोकशाही दिन असतो. तिथे दिलेल्या अर्जाला नंबर पडतो, आणि नंबर पडलेला अर्ज हरवायला जड जातो. जिल्ह्याचा आरोग्य आराखडा हिवाळ्यात तयार होतो, म्हणून श्रावणातली फेरी आटपून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्या आणि दिवाळीआधी जिल्ह्यात पोचवा. लोकही तोवर गावात असतात. मार्चमध्ये गेलात तर सगळे सहानुभूतीने ऐकतील.

जनसुनवाई हे या भागाला नवीन नाही. लोकाधारित देखरेख महाराष्ट्रात २००७ मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नंदुरबार होता. गावाने दवाखान्याला हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा आणि अधिकाऱ्यांसमोर का ते सांगायचं. जनसुनवाई घ्यायची तर तक्रारी पाचच निवडा, प्रत्येकीमागे कागद ठेवा, आणि अधिकाऱ्याला विषय आठ दिवस आधी लेखी कळवा. अचानक धरलेला माणूस आश्वासन देतो. तयारीने आलेला माणूस तारीख देतो.

वर्तमानपत्र शेवटी. आणि ‘कुपोषणाचा कहर’ या मथळ्यासाठी वाळलेल्या पोराचा फोटो मागितला, तर बंद अंगणवाडीचा फोटो द्या.

नववी पायरी: आदेश निघाल्यावर

आदेश निघाला की पेढे वाटायची घाई असते. आदेशाची प्रत घ्या, त्यातली तारीख भिंतीवर लिहा आणि पंधरा दिवसांनी आशाला फोन करा. परिचारिका रुजू झाली का? राहते कुठे? उपकेंद्राच्या खोलीला कडी आहे का, पाणी आहे का? यातलं काही नसेल तर ती बाई दोन महिन्यांत बदली मागणार आणि प्रतिनियुक्तीचा कागद पुन्हा निघणार.

सहा महिन्यांनी त्याच चिठ्ठ्या, तीच घरं, तेच चार प्रश्न. नवा माणूस पाठवा, पहिल्या फेरीतला नको. सुधारणा झाली नसेल तर मिळालेला आदेश आणि नवा तक्ता एकत्र जोडून त्याच टेबलावर ठेवा, जिथून सही आली होती. झाली असेल तर तेही लेखी कळवा, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावाने, वरिष्ठांना प्रत. आम्ही असं एकच पत्र आजवर पाठवलं आहे. पुढच्या वेळी त्या केंद्रात लॉगबुक मागितलं, तर अर्ज न करताच समोर आलं.